एका किल्ल्याचे दोन मालक

इंग्लंडमधल्या एका शाळेत डायाना विन जोन्स ही लेखिका मुलांना भेटायला गेली होती. बोलता बोलता एका मुलाने तिच्यापुढे मागणी ठेवली: हलत्या किल्ल्याची गोष्ट लिहा. तिने त्याचं नाव टिपून घेतलं आणि तो कागद पुढे कुठे गेला ते तिला कधीच कळलं नाही. १९८६ मध्ये 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' ही कादंबरी छापून आली, तेव्हा सुरुवातीच्या पानावर तिने त्या मुलाचे आभार मानले, पण नावाशिवाय.

पुढे जपानमध्ये अ‍ॅनिमेशनपट काढणारे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या हातात हे पुस्तक पडलं आणि त्यांनाही आधी पकडून ठेवलं ते याच कल्पनेनं. किल्ला चालतो, पण कसा? कादंबरीत याचं उत्तर नाही. जोन्सबाईंचा किल्ला डोंगरमाथ्यावर दिसतो, सकाळी इथे असतो तर दुपारी तिथे, आणि बुरुजांतून धूर सोडतो. त्याला पाय आहेत की चाकं, की तो जमिनीवरून नुसता सरकतो, याची चौकशी करायची लेखिकेला गरज वाटली नाही. चित्रकाराला मात्र ती करावीच लागते. कागदावर काहीतरी काढल्याशिवाय त्याचं पान पुढे सरकत नाही.

मियाझाकींनी पाय काढले. कोंबडीच्या तंगड्यांसारखे चार बारीक पाय आणि त्यांच्यावर डुगडुगणारा गंजक्या लोखंडाचा ढिगारा. त्यात घरांचे सज्जे, तोफांची तोंडं, धुराडी, लोंबती जीभ आणि बटबटीत डोळ्यांसारखं काहीतरी. रशियन लोककथांतली चेटकीण बाबा यागा कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहते, तिची इथे आठवण येते. हे तुकडे हाताने रंगवायचे आणि संगणकाच्या मदतीने प्रत्येक वेगळा हलवायचा, अशा रीतीने ते प्रचंड धूड पडद्यावर श्वास घेऊ लागलं. धुक्यातून ते पहिल्यांदा कण्हत, करकरत पुढे येतं, तेव्हा कादंबरीवर जीव असलेल्या वाचकालाही मान्य करावं लागतं की पुस्तकातला किल्ला याच्यापुढे फिका आहे.

'पुस्तकच चांगलं होतं' हा निकाल आपल्याकडे चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरण्याआधीच लागतो. इथे तो इतक्या सहजी लावता येत नाही. या दोन कलाकृतींत पात्रं तीच आहेत, टोप्यांचं दुकान तेच आहे, शाप तोच आहे, चार रंगांचं दारही तेच आहे. बदललेलं आहे ते त्या सगळ्याच्या बुडाशी असलेलं कारण.

आधी दोन्हींत समान असलेली गोष्ट. सोफी हॅटर ही टोप्यांच्या दुकानात राबणारी तरुण मुलगी. स्वतःविषयी तिला फारशी आशा नाही. उजाड माळाची चेटकीण एके दिवशी दुकानात येते, तिला नव्वद वर्षांची म्हातारी करून टाकते आणि वर अशी मेख मारते की या शापाविषयी सोफीला कुणाशी बोलताच येऊ नये. सोफी घर सोडते आणि हाउल नावाच्या जादूगाराच्या हलत्या किल्ल्यात झाडूपोछा करणारी बाई म्हणून मुक्काम ठोकते. मुलींची काळजं खाणारा म्हणून हाउलची ख्याती आहे. किल्ला चालवतो तो चुलीत बसलेला कॅल्सिफर नावाचा अग्निपिशाच्च. त्याचा आणि हाउलचा एक गुप्त करार आहे. तो करार सोफीने मोडून दिला, तर कॅल्सिफर तिचा शाप उतरवणार. किल्ल्याच्या दाराची मूठ फिरवली की वेगळा रंग पुढे येतो आणि दार वेगळ्याच गावात उघडतं.

चित्रपट २० नोव्हेंबर २००४ रोजी जपानमध्ये लागला. त्याआधी सप्टेंबरमध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला गेला होता. मुळात दिग्दर्शनासाठी बाहेरून मामोरू होसोदा या तरुण दिग्दर्शकाला बोलावलं होतं. त्याचं आणि चित्रपट काढणाऱ्या स्टुडिओ घिबलीचं जमलं नाही, तो बाहेर पडला आणि काम मियाझाकींकडे आलं. जपानमध्ये चित्रपटाने सुमारे १,९६० कोटी येनचा गल्ला जमवला. ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार मात्र 'वॉलेस अँड ग्रोमिट'च्या चमूने नेला. भारतात २०२० पासून घिबलीचे चित्रपट नेटफ्लिक्सवर आले, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या घराघरांतल्या मुलांना हाउल माहीत आहे तो पडद्यावरचा. कादंबरीतला हाउल त्यांना भेटला, तर तो ओळखूच येणार नाही अशी बरीच शक्यता आहे.

कादंबरीची सुरुवात एका थट्टेने होते. इंगरी नावाच्या देशात परीकथांतल्या वस्तू खरोखर असतात आणि परीकथांचे कायदेही लागू असतात. तीन भावंडांतल्या थोरल्याने नशीब काढायला बाहेर पडू नये, कारण तोंडघशी पडणार तो तोच, हे तिथे लहान पोरालाही ठाऊक असतं. सोफी तिघींत थोरली. श्रावणातल्या कहाण्यांत आवडती-नावडतीचा निकाल काय लागणार, हे आधीपासून माहीत असलेल्या मराठी वाचकाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की सोफीलाही ते माहीत आहे, आणि तिने स्वतःला आधीच नापास करून ठेवलं आहे.

जोन्सबाईंची खरी करामत इथून पुढे सुरू होते. दुकानात एकटी बसलेली सोफी टोप्या शिवताना टोप्यांशी बोलते. एखादीला सांगते, तुझ्यामुळे मोठ्या घरचं स्थळ येईल. थोड्या दिवसांनी गावात बातमी येते की जेन फॅरियर नावाची मुलगी एका उमरावाबरोबर पळून गेली, आणि तिच्या डोक्यावर तीच टोपी होती. वाचकाच्या लक्षात यायला वेळ लागतो. सोफीच्या तर फारच उशिरा लक्षात येतं की तिच्या जिभेत जादू आहे. ती ज्या वस्तूशी बोलते, त्या वस्तूत ती प्राण फुंकते. काठीशी बोलली, काठी जादूची झाली. बुजगावण्याला धीर दिला, ते उड्या मारत तिच्यामागे लागलं. आणि स्वतःला ती सारखी काय सांगत असते? आपण थोरल्या, आपल्या हातून काही व्हायचं नाही.

म्हणजे शाप चेटकिणीने घातला असला, तरी तो धरून ठेवण्यात सोफीचाच हातभार आहे. हाउलला पहिल्यापासून ठाऊक असतं की ही म्हातारी खरी म्हातारी नाही. तो गुपचूप शाप उतरवायचा प्रयत्नही करून पाहतो. जमत नाही, तेव्हा तो असा निष्कर्ष काढतो की बाईंना हे सोंग आवडलेलं दिसतंय. शेवटी कॅल्सिफर वाचतो तोही सोफीच्या बोलण्यानेच. ती त्याला आयुष्य देते, शब्दशः.

चित्रपटात हे सगळं गेलं. सोफी टोप्यांशी बोलत नाही, तिच्या जिभेत जादू नाही. ती प्रेमळ आहे, धीट आहे, कामसू आहे, आणि गोष्ट पुढे जाते ती तिच्या मायेच्या बळावर. चित्रपटाचं सर्वांत मोठं नुकसान कुठलं असेल, तर हेच. कादंबरीतली सोफी फटकळ, खोचक, नाक खुपसणारी आणि नकळत सामर्थ्यवान आहे. मियाझाकींच्या सोफीला आशीर्वाद मिळतात, ती इतरांना आधार देते, पण किल्ली तिच्या हातात होती हे तिला कधी कळत नाही, कारण ती तिच्या हातात दिलेलीच नाही.

पण मियाझाकींनी त्याच कल्पनेचं दुसरं टोक पकडलं. शाप स्वतःच्या समजुतीवर टिकून आहे हे शब्दांत सांगण्याऐवजी त्यांनी ते सोफीच्या शरीरावर काढलं. ती झोपली की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या विरतात. रागावून, जीव तोडून हाउलची बाजू मांडते तेव्हा पाठ ताठ होते, आवाज पालटतो आणि समोर तरुण मुलगी उभी राहते. कुणीतरी ते बोलून दाखवलं की क्षणात पुन्हा म्हातारी. एकाच प्रसंगात तिचं वय साठ, चाळीस, वीस असं वरखाली होत राहतं आणि त्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. जपानी आवृत्तीत तरुण आणि म्हाताऱ्या सोफीचा आवाज एकाच अभिनेत्रीचा आहे, चिएको बाइशो यांचा. त्या तेव्हा साठीच्या पुढे होत्या. इंग्रजी डबिंगमध्ये या कामासाठी एमिली मॉर्टिमर आणि जीन सिमन्स अशा दोघी घेतल्या गेल्या. सोय म्हणून ते ठीक, पण एकाच गळ्यातून वय उतरत-चढत जाण्यातली जादू त्यात हरवते.

म्हातारपणाकडे पाहण्याची चित्रपटाची नजर अतिशय प्रामाणिक आहे. चढावर धाप लागते, उठताना कंबर धरते. आणि त्याचबरोबर सुटकाही आहे: म्हाताऱ्या बाईकडे कुणी पाहत नाही, त्यामुळे तिला कुणाला घाबरायचं कारण उरत नाही. याचा कळस म्हणजे राजवाड्याच्या पायऱ्यांचा प्रसंग. शापित सोफी आणि तिला शाप देणारी लठ्ठ चेटकीण, दोघी एकाच वेळी त्या न संपणाऱ्या पायऱ्या चढतात. चेटकिणीची पालखी वाहणारे जादूचे भोई दाराशीच विरघळून जातात आणि तिला स्वतःच्या पायांनी चढावं लागतं. सोफीच्या काखेत एक जाडजूड, धापा टाकणारा कुत्रा. चेटकीण घामाने निथळते, हनुवट्या ओघळतात, सोफी वरून तिला हिणवते आणि त्याच वेळी तिची कीवही करते. मिनिटं जातात, काहीच 'घडत' नाही. कादंबरीत हा प्रसंग नाही. अख्ख्या चित्रपटातून एकच तुकडा ठेवायचा झाला, तर तो हाच ठेवावा.

शेवटी तरुण झालेल्या सोफीचे केस मात्र रुपेरीच राहतात. पुस्तकात ते पुन्हा तांबूस-सोनेरी होतात, कारण परीकथेत सगळं जागच्या जागी परत यावं लागतं. मियाझाकींना म्हातारपण पुसून टाकायचं नव्हतं. चित्रपट आला तेव्हा ते स्वतः ६३ वर्षांचे होते.

आता युद्धाकडे वळू. कादंबरीत युद्ध जवळपास नाहीच. शेजारच्या राज्यांशी तंटा होऊ शकेल अशी कुणकुण आहे, राजाचा भाऊ जस्टिन बेपत्ता आहे, त्याला शोधायचं काम हाउलच्या गळ्यात पडू पाहतंय आणि हाउल ते टाळतोय, एवढंच. चित्रपटात मात्र आकाश लढाऊ जहाजांनी काळवंडलेलं आहे. बंदरात मोडकी युद्धनौका ओढत आणली जाते, झेंडे लावून मिरवणुका निघतात, पत्रकं उडतात आणि रात्री शहर पेटतं. फुलांच्या माळरानावरून एक अजस्र जहाज जातं. हे शत्रूचं की आपलं, असं सोफी विचारते. हाउलच्या लेखी त्याने काहीच फरक पडत नाही.

हे युद्ध कुठून आलं, याचं एक उत्तर तारखांत आहे. चित्रपटाचं काम सुरू झालं ते २००३ च्या आरंभी. त्याच मार्चमध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला आणि त्याच आठवड्यात मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'ला ऑस्कर मिळालं. ते पुरस्कार घ्यायला गेले नाहीत. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात पाऊल ठेवायची इच्छा नव्हती, हे कारण त्यांनी पुढे २००९ मध्ये अमेरिकेतच उघडपणे सांगितलं.

दुसरं उत्तर बरंच जुनं आहे. मियाझाकींचा जन्म जानेवारी १९४१ चा. घरचा कारखाना विमानांचे सुटे भाग बनवायचा, झीरो या लढाऊ विमानाचेसुद्धा. म्हणजे घरची सुबत्ता युद्धातून आलेली, आणि विमानांचं वेडही तिथूनच लागलेलं. कुटुंब टोकियो सोडून उत्सुनोमिया शहरात राहायला गेलं. जुलै १९४५ मध्ये त्या शहरावर रात्री आगबॉम्ब पडले. चार वर्षांच्या मुलाला घेऊन घरचे लोक एका लहानशा मालमोटारीतून बाहेर पडले. वाटेत कडेवर मूल असलेल्या कुणीतरी आम्हालाही घ्या म्हणून विनवलं. गाडी थांबली नाही. ही आठवण मियाझाकींनी मोठेपणी सांगितली आहे आणि ती त्यांना सुटलेली नाही. 'हाउल'मधल्या जळत्या रस्त्याकडे पाहताना हे ठाऊक असलं, की तिथला केशरी प्रकाश वेगळाच भासतो.

जोन्सबाई १९३४ च्या. म्हणजे त्यांचंही बालपण त्याच युद्धातलं. १९३९ मध्ये लढाई तोंडावर आली आणि लंडनमधली मुलं बाहेर पाठवली जाऊ लागली, तेव्हा पाच वर्षांच्या डायानाला वेल्समध्ये वडिलांच्या माणसांत, पाद्री असलेल्या आजोबांच्या घरी नेऊन सोडलं गेलं. आजोबा वेल्श भाषेत प्रवचन द्यायचे. त्यातलं अवाक्षर कळत नसताना त्या आवाजाचा ठेका तिच्या मनात जो शिरला तो कायमचा. पुढे तिथून लेक डिस्ट्रिक्टमध्ये, मग एसेक्समध्ये. तिथे आईवडील शिबिरांचं केंद्र चालवण्यात गढलेले असत, तीन बहिणी एकमेकींना वाढवत होत्या आणि घरात पुस्तकांची टंचाई. वडिलांनी मुलांच्या कादंबऱ्यांचा एक संच घेतला होता आणि ते तो वर्षाला एक पुस्तक या हिशेबाने तिघींत मिळून बाहेर काढत. तीन बहिणींतली थोरली सोफी कुठून आली, हे वेगळं सांगायला नको.

आता कादंबरीतलं ते चौथं दार पाहा. मूठ काळ्या रंगावर फिरवली की दार कुठे उघडतं? वेल्समध्ये. आजच्या, खऱ्याखुऱ्या, पावसाळी वेल्समध्ये. गोष्टीतला सर्वांत मोठा धक्का हा आहे की भयानक जादूगार हाउल हा खरा हॉवेल जेंकिन्स नावाचा वेल्श माणूस आहे. त्याने मंत्रतंत्रावर प्रबंध लिहिलेला आहे, तो रग्बीचा शौकीन आहे, आणि मेगन नावाची त्याची बहीण त्याला कामधंदा नसलेला उडाणटप्पू म्हणून फैलावर घेते. भाचा संगणकावर खेळतोय आणि तो खेळ चार दारांच्या जादूच्या किल्ल्याचाच आहे. मोटारीत बसलेल्या सोफीला ती जादूची गाडी वाटते, तर दूरदर्शन संच काय प्रकार आहे तेच तिला उमगत नाही. बहिणीच्या घरावर पाटी आहे 'रिव्हेंडेल', म्हणजे टॉल्किनच्या कादंबऱ्यांतल्या एल्फ लोकांचं निवासस्थान. जोन्सबाई ऑक्सफर्डला शिकत असताना टॉल्किन तिथे प्राध्यापक होते. ते फळ्याकडे तोंड करून पुटपुटत व्याख्यान देत, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. ही पाटी त्या व्याख्यानांची परतफेड समजायला हरकत नाही.

चित्रपटात वेल्स नाही. काळ्या रंगाचं दार उघडतं ते अंधारात, युद्धात. हाउल तिथून पक्ष्याचं रूप घेऊन उडतो, रक्ताळलेले पंख ओढत परत येतो, आणि दर वेळी त्याला माणसात यायला जास्त कष्ट पडतात.

दोन्ही आयुष्यं शेजारी ठेवली की हा बदल नुसती काटछाट वाटत नाही. एका मुलीला युद्धाने वेल्समध्ये नेऊन टाकलं. मोठी झाल्यावर तिने युद्ध वगळलं आणि वेल्स ठेवलं. एका मुलाने युद्ध मालमोटारीतून पाहिलं. त्याच्या हाती ती गोष्ट आली, तेव्हा त्याने वेल्सचं दार काढलं आणि नेमक्या त्याच चौकटीत युद्ध बसवलं. जोन्सबाईंच्या हे लक्षात आलं होतं. त्या म्हणाल्या होत्या की आम्ही दोघंही त्या युद्धातली मुलं, पण दोन उलट वाटांनी गेलो. आपण लढाई गोष्टीबाहेर ठेवतो, कारण ती किती भयंकर असते हे सगळ्यांना ठाऊकच आहे. मियाझाकी मात्र तिची दहशतही दाखवतात आणि तिचा नेत्रदीपक थाटही सोडत नाहीत. ही टिप्पणी कौतुकाची आहे, पण तिच्यात एक हलकीशी टाचणीही आहे. मियाझाकींच्या युद्धजहाजांवर कॅमेरा जरा जास्तच प्रेमाने रेंगाळतो, हे खरंच आहे.

कथानकाची वीण मात्र चित्रपटात सैल झाली. कादंबरीत एकही धागा लोंबत राहत नाही. जॉन डन या सतराव्या शतकातल्या कवीची एक कविता भाच्याला गृहपाठ म्हणून मिळालेली असते. तो कागद चुकून हाउलच्या घरी येतो. शिकाऊ जादूगार मायकेल ती कविता मंत्र समजून सोडवायला बसतो आणि पडता तारा पकडायला दलदलीत धावतो. नंतर कळतं की चेटकिणीने हाउलला दिलेला शाप याच कवितेत आहे, आणि तिच्यातल्या अशक्य गोष्टी एकामागून एक खऱ्या होत चालल्या आहेत. कॅल्सिफर स्वतः एक पडलेला तारा आहे, त्यामुळे मायकेलची ती धावपळ विनोदी होती तेवढीच सूचकही होती, हे पुढे ध्यानात येतं.

चेटकिणीचं कादंबरीतलं कारस्थानही चांगलंच अघोरी आहे. तिला एक आदर्श पुरुष जुळवायचा आहे. त्यासाठी तिने राजपुत्र जस्टिन आणि राजाचा जादूगार सुलिमन यांचे अवयव वापरायला घेतले आहेत आणि आता तिला डोकं हवं आहे, हाउलचं. तिच्यामागे तिचाही एक अग्निपिशाच्च आहे. तो भाच्याच्या शाळेतली सुंदर शिक्षिका मिस अँगोरियन बनून वावरतो. याचा अर्थ असा की पिशाच्चाशी केलेला करार फार दिवस चालला, तर माणसाचं काय होतं, त्याचा नमुना हाउलच्या डोळ्यांसमोर उभा आहे. चित्रपटात मिस अँगोरियन नाही. ती जागा पक्षी होत जाणाऱ्या हाउलने भरली आहे, आणि दृश्य म्हणून ते अधिक थेट पोचतं. पण मग चेटकिणीचं करायचं काय? मियाझाकींनी तिची शक्ती काढून घेतली आणि तिला घरातली विसरभोळी आजी केलं. सोफी तिला चमच्याने भरवते. पुस्तकातला शेवट तिला ठार करतो. चित्रपटातला तिला पांघरूण घालतो. मियाझाकींच्या बहुतेक चित्रपटांत खलनायक टिकत नाहीत, ते कधीतरी माणसात येतात, आणि इथे ते अगदी शब्दशः झालं.

कादंबरीतला पुरुष सुलिमन आणि हाउलची वृद्ध गुरू मिसेस पेंटस्टेमन यांना एकत्र करून चित्रपटात मादाम सुलिमन ही चाकाच्या खुर्चीतली थंड, सभ्य, सत्ताधारी बाई आली. युद्धाची सूत्रं तिच्याकडे आहेत. आणि तिने मनावर घेतलं म्हणून अखेरच्या दोन-तीन मिनिटांत युद्ध संपतं. बुजगावणं एका चुंबनाने शेजारचा बेपत्ता राजपुत्र होतं, तो घरी निघतो, सुलिमनबाई स्फटिकात सगळं पाहतात आणि हा मूर्खपणा आता थांबवू असं ठरवतात. ज्या युद्धाने दोन तास पडदा व्यापला, ते इतक्या सहज मिटावं हे पटत नाही. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या मियाझाकींच्या चाहत्यालाही हा चित्रपट फारसा भावला नव्हता. यामागे कामाची पद्धतही असावी. मियाझाकी पूर्ण पटकथा हाती घेऊन बसत नाहीत. चित्रांच्या चौकटी काढत जातात, आणि शेवट ठरायच्या आत सुरुवातीचं चित्रण सुरू झालेलं असतं. त्यातून पायऱ्यांसारखे प्रसंग जन्मतात. त्यातूनच असा शेवटही येतो.

उरला हाउल. पुस्तकातला हाउल तासन्‌तास न्हाणीघर अडवतो, मुलींच्या मागे लागतो, एखादी प्रेमात पडली की तत्काळ तिच्यातून त्याचं मन उडतं, आणि कुठलीही जबाबदारी अंगावर आली की निसटतो. राजाने काम देऊ नये म्हणून तो म्हाताऱ्या सोफीला आपली आई बनवून दरबारात पाठवतो, मुलाची बदनामी करायला. सोफीने न्हाणीघर आवरताना बाटल्या हलवल्या, त्यामुळे केसांवर जरा गुलाबी छटा आली, तर हा पठ्ठ्या अंगातून हिरवा चिकट लगदा सोडत शोक करतो. हा प्रसंग मियाझाकींनी जवळपास तसाच ठेवला, आणि तो सुरेख झाला आहे. पण बाकीचा हाउल त्यांनी धुऊन काढला. त्याचं बायकांच्या मागे लागणं गेलं, भित्रेपणाला युद्धविरोधाचं तेज आलं, ताकुया किमुराचा मऊ आवाज मिळाला, आणि पहिल्याच भेटीत तो सोफीचा हात धरून छपरांवरून हवेत चालू लागला. जगभरच्या मुली त्याच्यावर भाळल्या. तशा त्या पुस्तकातल्या हाउलवरही भाळत होत्या. त्याच्याशी लग्न करायचंय असं कळवणारी पत्रं आपल्याला येतात, असं जोन्सबाई सांगत. त्यांना याचं नवल वाटायचं, कारण हा नवरा म्हणून किती वैताग देईल हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मायकेलच्या बाबतीत चित्रपटाने केलेला बदल लहान, पण मार्मिक आहे. पुस्तकात तो पंधरा वर्षांचा आहे आणि सोफीच्या धाकट्या बहिणीवर त्याचं प्रेम आहे. पडद्यावर तो मार्कल नावाचं लहान पोर होतो, गिऱ्हाईक आलं की खोटी दाढी लावून म्हाताऱ्याचं सोंग घेणारं. सोफीच्या बहिणींची अदलाबदल, त्यांतल्या मार्थाची दहा मुलांची हौस, हे सगळं उपकथानक त्याच्याबरोबर गेलं. त्याच्या बदल्यात किल्ल्यात एक कुटुंब जमलं: आजी, नातू, कुत्रा, चुलीतला विस्तव.

लेखकाला विचारलं, तर तो काय म्हणेल, हा प्रश्न अशा वेळी हटकून येतो, आणि त्याची उत्तरं फार वेगवेगळी असतात. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, घिबलीनेच अर्सुला ल ग्विन यांच्या अर्थसी कादंबऱ्यांवर चित्रपट काढला. मियाझाकींनी स्वतः ऐंशीच्या दशकात त्या मागितल्या होत्या. तेव्हा ल ग्विन यांना हा माणूस कोण हे माहीत नव्हतं, आणि त्यांनी नकार दिला. पुढे 'माय नेबर टोटोरो' पाहून त्या त्याच्या चाहत्या झाल्या. पण प्रत्यक्षात चित्रपट केला तो मियाझाकींच्या मुलाने, गोरो यांनी. ल ग्विन यांनी समोरासमोर सौजन्य राखलं, आणि नंतर जाहीरपणे सविस्तर लिहून आपली निराशा सांगितली. वाईटपणा आतून येतो असं पुस्तक सांगत असताना चित्रपटाने तो एका खलनायकात कोंबला आणि त्याला मारून प्रश्न मिटवला, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता.

जोन्सबाईंची तऱ्हा निराळी. आपण पुस्तकं लिहितो, चित्रपट नाही, असं म्हणून त्यांनी चित्रपटाच्या कामात लक्ष घातलंच नाही. तो वेगळा होणार आणि तसाच व्हायला हवा, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. मियाझाकी इंग्लंडला गेले, जोन्सबाईंना चित्रपट दाखवला आणि तो त्यांना मनापासून आवडला. सोफी जरा सौम्य झाली आहे आणि हाउल जरा थोर झाला आहे, एवढी नोंद त्यांनी केली.

मात्र २००८ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर चार वर्षांनी, त्यांनी या मालिकेतलं तिसरं पुस्तक लिहिलं, 'हाउस ऑफ मेनी वेज'. तोवर काळ्या केसांचा, उदास डोळ्यांचा, पंखवाला हाउल जगभर भिंतींवर लागलेला होता. या पुस्तकात सोफी येते, कॅल्सिफर येतो, आणि हाउलही येतो. तो वेषांतर करून आला आहे. सोनेरी कुरळ्या केसांचं, बोबडं बोलणारं, सगळ्यांकडून लाड करून घेणारं एक लहान पोर, नाव ट्विंकल. सोफी त्याच्यावर भयंकर चिडलेली आहे, आणि त्याला स्वतःचं हे रूप विलक्षण आवडलेलं आहे.